परस्पर रक्ताला विचारलं

दिवाळी आटोपली की आमच्या घरी रक्ताच्या तपासण्यांचा मोसम सुरू होतो. सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, घेऊन मी टिळक रोडच्या मागच्या गल्लीतल्या लॅबमध्ये गेले होते. सकाळची वेळ, हवेत जरासा गारवा, आत स्पिरिटचा वास आणि उपाशीपोटी आलेल्या माणसांची ती खास चिडचिडी शांतता. बाहेर हातगाडीवरच्या पोह्यांचा वास दार उघडलं की आत शिरून सगळ्यांना छळत होता. अण्णा मात्र खुशीत होते. आधीचा आठवडाभर त्यांनी लाडवांच्या डब्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ज्वारीची भाकरी आणि मेथी, वर पर्वतीच्या पायऱ्या. रक्त घेणाऱ्या मुलीला त्यांनी हे सगळं तिने न विचारताच सांगून टाकलं. तिने दंडाला पट्टा आवळला, शीर चाचपली आणि जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त भरता भरता म्हणाली, "आजोबा, ही तीन महिन्यांची साखर असते. एका आठवड्याने काही होत नाही." अण्णा क्षणभर गप्प झाले. मग कापसाचा बोळा दाबत म्हणाले, "म्हणजे गणपतीतले मोदकही आले यात?" ती हसली. "आले की. पण मोदक होते का पेढे, ते नाही कळत. नुसती साखर कळते."

बाहेर येऊन आम्ही पोहे घेतले. दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं होतं, त्यामुळे खाणं अधिकृतच होतं. लिंबाची फोड शेवटच्या थेंबापर्यंत पिळत अण्णा म्हणाले, "मला कुणी विचारलंच नाही. परस्पर रक्ताला विचारलं."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

एक कारण असं की त्याच दिवसांत मी ध्रुवीय अस्वलांच्या आहाराबद्दल वाचत बसले होते. एका निसर्गमंडळात बोलायचं होतं आणि विषय मीच उत्साहाने सुचवला होता. दुसरं कारण जुनं आहे. एमएस्सीला असताना मी काही महिने बिबट्याची विष्ठा धुतली आहे. त्या खोलीत सगळेच तिला स्कॅट म्हणायचे, मराठी बोलतानासुद्धा. बहुतेक तेवढ्यानेच वास कमी वाटत असावा. जुन्नरकडून कागदी पाकिटांत वाळलेले तुकडे यायचे. ते गरम पाण्यात भिजवायचे, बारीक चाळणीत नळाखाली धरायचे. माती आणि पित्त वाहून जायचं आणि चाळणीत उरायचे केस, हाडांचे कपचे, एखादं नख. केस वाळवून काचपट्टीवर पारदर्शक नेलपॉलिशच्या थरात दाबायचे, मग सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या खवल्यांची नक्षी पाहायची. शेळीचा केस वेगळा, कुत्र्याचा वेगळा, उंदराचा तर बघताक्षणी कळतो. नेलपॉलिश लक्ष्मी रोडवरून यायचं आणि दुकानदाराला वाटायचं, या पोरी फार हौशी आहेत.

बिबट्याच्या बाबतीत ही पद्धत फार प्रामाणिक आहे, असं मला तेव्हा वाटायचं. अजूनही बऱ्यापैकी वाटतं. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात जो अभ्यास केला, त्यात तिथल्या बिबट्यांच्या खाण्यातला वजनाने 87 टक्के हिस्सा पाळीव किंवा माणसाच्या आसऱ्याने राहणाऱ्या प्राण्यांचा निघाला. त्यात एकट्या कुत्र्यांचा 39 टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या कितीतरी पट, पण त्यांचा वाटा 11 टक्केच. गावात विचारलंत तर पहिलं उत्तर शेळीच येणार, कारण शेळी गेली की पंचनामा होतो, नुकसानभरपाईचा अर्ज होतो, घरात रडारड होते. रात्री उकिरड्यावरून गेलेल्या कुत्र्याची आठवण कोण ठेवतो? केसाने मात्र ठेवली. केस पचत नाही, म्हणून साक्ष उरते.

पांढऱ्या अस्वलाकडे आलं की हीच गोष्ट उलटी होते, आणि मला ती वाचताना चाळणीपाशी उभं राहिल्यासारखं अवघडलं. त्याचं मुख्य अन्न म्हणजे सीलच्या कातडीखालची चरबी. मुख्यतः रिंग्ड सील हा लहानसर सील, आणि थोराड नरांना झेपेल असा दाढीवाला सील. वसंतात बर्फाखालच्या बिळांत रिंग्ड सीलची पिल्लं असतात, चांगली लठ्ठ. अस्वल वासावरून जागा हेरतं, पुढचे दोन्ही पाय आपटून बर्फाचं छत फोडतं. पोट बऱ्यापैकी भरलेलं असेल तर ते कातडी आणि चरबी तेवढी ओरबाडून खातं आणि लाल मांस तसंच टाकून पुढे जातं, ते मग कोल्ह्यांना आणि लहान अस्वलांना मिळतं. ही उधळपट्टी नव्हे. मांसातलं प्रथिन पचवलं की युरिया बाहेर टाकायला पाणी लागतं, आणि सगळीकडे गोठलेल्या त्या प्रदेशात पाणी म्हणजे बर्फ खाऊन तो अंगाच्या उष्णतेने वितळवणं. चरबी जाळली तर उलट शरीराला पाणी मिळतं. पचतेही ती जवळपास पूर्ण, सुमारे 98 टक्के. आणि म्हणूनच विष्ठेत तिची खूण फारशी राहत नाही. ज्या पदार्थावर हे जनावर वर्ष काढतं, तोच चाळणीतून वाहून जातो. चाळणीत दिसतं ते पिसं, गवत, समुद्री शेवाळ, अंड्याचं कवच, बोरांच्या, म्हणजे तिकडच्या झुडपांवरच्या बेरींच्या, साली.

हे लक्षात आल्यावर मी चहा करायला उठले. चांगली माहिती मिळाली की मला बसवत नाही.

कॅनडात हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर दर उन्हाळ्यात समुद्रावरचा बर्फ पूर्ण वितळतो आणि तिथली अस्वलं जमिनीवर येऊन राहतात. तिथे विष्ठा शोधायला चक्क शिकवलेला कुत्रा वापरला गेला. 2006 ते 2008 या काळात मिळालेल्या नमुन्यांची 1960च्या दशकाच्या अखेरच्या नमुन्यांशी तुलना केली, तर स्नो गूज नावाचे हंस आणि कॅरिबू हरणं आता जास्त दिसत होती. नोंद खरीच आहे. पण तिच्यावरून वर्तमानपत्री मथळा करायचा मोह किती होईल बघा: बर्फ गेला तरी अस्वलं अंडी खाऊन, बोरं खाऊन निभावून नेतील! फोटोही मिळतात. निळसर जांभळ्या ओठांचं अस्वल, हंसांच्या वसाहतीत घुसून एकामागून एक घरटी रिकामी करणारं अस्वल. दिसतं ते दिसतंच, नाकारायचं कसं? त्याच किनाऱ्यावरच्या अस्वलांच्या ऊतींमधला कार्बन मात्र वेगळं सांगत होता. जमिनीवरच्या वनस्पतींमधून आलेल्या कार्बनची आणि समुद्रातून आलेल्या कार्बनची ठेवण वेगळी असते, आणि खाणाऱ्याच्या शरीरात ती उतरते. रॅमसे आणि हॉब्सन यांनी 1991 मध्ये ती तपासली तेव्हा जमिनीच्या अन्नाचा वाटा अगदी नगण्य निघाला. तोंडाला बोरांचा रंग आणि हाडात समुद्र.

म्हणजे विष्ठा गेल्या एक-दोन दिवसांचं बोलते आणि तेही न पचलेल्याबद्दल. केस वाढत जातो तसा काळ त्यात साठत जातो, म्हणून केसाचे तुकडे करून महिन्यांमागचं वाचता येतं, पण तिथेही उत्तर मोघम मिळतं. नायट्रोजनच्या जड आणि हलक्या रूपांचं प्रमाण अन्नसाखळीत एक पायरी वर गेलं की वाढतं, त्यामुळे हा प्राणी किती उंच पायरीवर जेवतोय ते कळतं. कोणत्या ताटातलं, ते कळेलच असं नाही. लॅबमधली ती मुलगी म्हणाली तसंच. साखर कळते, मोदक का पेढा ते नाही.

मोदक ओळखायचाच तर चरबीपर्यंत जावं लागतं. माशांतली, कालवांतली, झिंग्यांतली काही मेदाम्लं, म्हणजे चरबीचे घटक, सीलच्या चरबीत फारसा बदल न होता येतात आणि तिथून अस्वलाच्या चरबीत. प्रत्येक जातीच्या सीलमध्ये त्यांची मिसळण वेगळी. तेव्हा आधी सगळ्या संभाव्य भक्ष्यांच्या चरबीचे नमुने जमवायचे, मग अस्वलाच्या पाठीमागची बोटभर चरबी घ्यायची आणि संगणकाला विचारायचं की कोणकोणतं किती मिसळलं तर ही चव तयार होईल. सारा आयव्हरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये ही पद्धत मांडली. यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की शरीरात जाताना ही मेदाम्लं थोडीफार बदलतात, त्या बदलाचा हिशेब आधी कुठेतरी बसवावा लागतो आणि पांढऱ्या अस्वलासाठी तो बसवला गेला मिंक या मुंगसाएवढ्या प्राण्याला समुद्री तेलं खाऊ घालून. पाचशे किलोच्या जनावराचं गणित किलोभराच्या जनावरावर. हसू नका, औषधांचे आपले डोस तरी कशावर ठरतात?

आणि चरबी येते कुठून? बरीचशी इनुइट शिकाऱ्यांकडून. ठरलेल्या कोट्यातली शिकार झाली की ते चरबीचा तुकडा संशोधकांसाठी काढून ठेवतात. ग्रेगरी थीमन, आयव्हरसन आणि इयान स्टर्लिंग यांच्या 2008च्या अभ्यासात कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या दीड हजाराहून जास्त अस्वलांची चरबी आहे. त्यातून कळलं की रिंग्ड सील बहुतेक ठिकाणी पहिल्या क्रमांकावर आहे, पण डेव्हिस सामुद्रधुनीत हार्प सील जास्त खाल्ला जातो, काही भागांत बेलुगा आणि नारव्हाल या देवमाशांचाही वाटा आहे, आणि दाढीवाला सील वयस्क नरांच्या चरबीत जास्त दिसतो, माद्यांच्या कमी. एकाच नावाचं जनावर, पण प्रदेशागणिक, वयागणिक, नर-मादीगणिक स्वयंपाकघर वेगळं. हे मला माहीत असायला हवं होतं असं नाही, पण कळल्यावर फार बरं वाटलं. "अस्वल सील खातं" एवढ्यावर परीक्षेत पूर्ण मार्क मिळाले होते मला.

स्टर्लिंगबद्दल जरा थांबते. त्यांनी 1970च्या दशकात डेव्हन बेटावर उंच कड्यावर तळ टाकून दुर्बिणीतून अस्वलं नुसती पाहिली. उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळत नाही, त्यामुळे पाळ्या लावून चोवीस तास पाहता येतं. बहुतेक वेळ काहीच घडत नाही. अस्वल बर्फातल्या श्वासाच्या भोकापाशी पोटावर पडून राहतं, तासभर, कधी त्याहून जास्त. मग सील वर येतो किंवा येत नाही. बहुधा येत नाही. या पद्धतीत कुणाच्या अंगाला हात लागत नाही, रक्त नाही, सुई नाही. किती बरं! पण कड्यावरून दिसतं तेवढंच अस्वल, आणि एकाच उपसागरातलं.

अण्णांचं वाक्य मला इथे परत टोचायला लागलं. परस्पर विचारणं म्हणजे नक्की काय काय, ते वाचत गेले तसं माझं मन दोन्हीकडे ओढलं गेलं. हेलिकॉप्टरमधून भुलीचा बाण मारतात. अस्वल आडवं पडतं, डोळे उघडेच असतात म्हणून त्यांत मलम घालतात. वजन, रक्त, केस, चरबी, ओठाच्या आत गोंदलेला नंबर, आणि वय मोजण्यासाठी सुळ्यामागचा एक बारीकसा, त्याच्या फारशा कामाचा नसलेला दात काढून घेतात. त्या दाताचं मला का कोण जाणे सगळ्यांत वाईट वाटलं. आता दुरून मारायचा असा बाणही आहे, जो कातडी-चरबीचा छोटा तुकडा घेऊन आपोआप गळून पडतो आणि अस्वल दचकून पळतं, बस. हा प्रकार मला बरा वाटतो. पण बाणातून वजन कळत नाही, आणि वजन कळलं नाही तर खाल्लेलं पुरलं का नाही हे कळत नाही. सगळी मेख तिथेच आहे.

विचारून काढायची पद्धतही पुण्याला नवी नाही. भांडारकर रस्त्यावरून फर्ग्युसनकडे जाताना गोखले संस्थेची दगडी इमारत लागते. तिथले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये देशातल्या दारिद्र्याचा जो हिशेब मांडला, त्याच्या मुळाशी माणशी रोज 2,250 उष्मांक हा आकडा होता, आणि आकडेवारी होती राष्ट्रीय नमुना पाहणीची, म्हणजे दारोदार जाऊन घराघराला विचारलेली. तेल किती, डाळ किती, गूळ किती. माझ्या माहेरी एकदा अशी पाहणी आली होती. आईने तुपाचा आकडा जरा चढवून सांगितला होता, अभिमानाने. शेजारच्या काकूंनी उतरवून सांगितला, दृष्ट लागू नये म्हणून. सरासरी बरोबर आली असणार.

अस्वल चढवूनही सांगत नाही, उतरवूनही नाही. ते सांगतच नाही. म्हणून मग शेवटी त्याच्या गळ्यात कॅमेरा बांधला. अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षण संस्थेतल्या अँथनी पगानो यांनी ब्यूफर्ट समुद्रावरच्या 9 माद्यांना असे पट्टे बांधले. आधी एक खास जड पाणी टोचायचं, रक्त घ्यायचं, 8 ते 11 दिवसांनी तीच मादी शोधून पुन्हा रक्त घ्यायचं. त्या पाण्यातले जड अणू किती वेगाने शरीराबाहेर गेले यावरून तिने किती ऊर्जा जाळली ते निघतं. म्हणजे इथेही शेवटी रक्तच. 2018 मध्ये निष्कर्ष आले: आधी मानलं होतं त्याच्या 1.6 पट ऊर्जा त्या खर्च करत होत्या. शिकारीच्या ऐन मोसमातही 9 पैकी 4 जणींचं वजन दहा टक्के किंवा त्याहून जास्त उतरलं. भोकापाशी नुसतं पडून राहणं स्वस्त असेल असा सगळ्यांचा अंदाज होता. पडून राहण्यातलं जगणंच महाग निघालं.

पुढचा अभ्यास 2024 मध्ये छापून आला आणि खरं तर मला मंडळात त्याच्याबद्दलच बोलायचं होतं. पुन्हा हडसन उपसागराचा पश्चिम किनारा, जमिनीवर आलेली 20 अस्वलं, 2019 ते 2022 या वर्षांतले उन्हाळे, प्रत्येकाच्या गळ्यात साधारण तीन आठवडे कॅमेरा. तिथला बर्फाविना काळ 1979 ते 2015 च्या दरम्यान तीन आठवड्यांनी लांबला आहे, तेव्हा त्या वाढीव दिवसांत ती करतात काय, हा साधा प्रश्न. उत्तर साधं नव्हतं, कारण वीस अस्वलांनी एकसारखं काहीच केलं नाही. काही जवळजवळ निजूनच राहिली, जणू बिळात असल्यासारखी. काही दिवसचे दिवस बोरं खात हिंडली. काहींनी गवत, हाडं, पक्षी, जे मिळेल ते खाल्लं. तिघं लांब पोहत गेली, त्यातलं एक सगळं मिळून 175 किलोमीटर. आणि निजलेलं असो, बोरं खाल्लेलं असो की पोहलेलं असो, 19 जणांचं वजन उतरलं, सरासरी दिवसाला किलोभर. खाण्यातून जे मिळालं ते ते शोधण्यात गेलं. एकाचं मात्र 32 किलोने वाढलं. त्याला किनाऱ्यावर एका सागरी सस्तन प्राण्याचं मढं सापडलं होतं. चरबीच, शेवटी.

मंडळात प्रश्न आला, अपेक्षित होताच: "मग त्यांनी बोरं खाण्याची सवय लावून घ्यायला काय हरकत आहे?" विचारणारे गृहस्थ सत्तरीचे, स्वतः रोज सकाळी दुधीचा रस घेणारे. मी केस, कार्बन, चरबी सगळं पुन्हा सांगितलं, त्यांनी मान डोलावली, पटलं नव्हतं हे दिसत होतं. बोरं खातानाचा फोटो मीच मघाशी पडद्यावर दाखवला होता. चरबी वितळून रक्तात गेल्याचा फोटो मी कुठून आणणार होते?

पोहत गेलेल्या तिघांपैकी दोघांना पाण्यात मढी सापडली होती, एकाला बेलुगाचं, एकाला सीलचं. म्हणजे अगदी हवं ते, हवं तेवढं. पण पोहता पोहता खाणं त्यांना जमेना आणि ओढून किनाऱ्याला आणणंही जमेना. कॅमेऱ्यात ते आहे. विष्ठेत तो बेलुगा येणार नाही, केसात येणार नाही, चरबी आणि रक्त तर त्याबद्दल काहीच बोलणार नाहीत, कारण तो पोटात गेलाच नाही. भाषणाची तयारी करताना मी वहीत रकाने आखले होते, काय खाल्लं, किती खाल्लं, वजन चढलं की उतरलं. त्या दोन अस्वलांपाशी आले तेव्हा पहिला रकाना बराच वेळ कोरा होता. शेवटी "मिळालं होतं" असं लिहिलं आणि खाली वजन उतरल्याची खूण केली.